न्हाणीघराच्या खिडकीत कोंबलेल्या गोधडीबाबत

जबाब

दिनांक २१ जानेवारी २०२६

नाव : राधाकृष्ण मुरलीधर शेकटकर, वय ५१ वर्षे, धंदा : छापखाना (लग्नाच्या व दशक्रियेच्या पत्रिका, मागणी येईल तशा), रा. सोनचाफा कॉलनी, केडगाव, अहिल्यानगर.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी जयमाला हिच्यासह राहण्यास आहे. सर्वप्रथम माझे गाऱ्हाणे असे की, गेल्या दिवाळीपासून मला एकदाही सुखाने दाढी करता आलेली नाही. माझे बेसिन घराच्या मागे, उघड्यावर, शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून आहे. मी गालाला वस्तरा लावायचा आणि पलीकडे स्फोट व्हायचा, असा परिपाठ होता. माझ्या हनुवटीवर जुन्या-नव्या मिळून बऱ्याच जखमा आहेत. त्या मी जबाब लिहून घेणारे हवालदार अजिनाथ पालवे यांना दाखवल्या व त्यांची नोंद व्हावी अशी विनंती केली. त्यांनी मुद्द्याचे सांगा, असे सांगितले. मुद्दा हाच आहे, असे मी त्यांना सांगितले.

माझ्या घराच्या पूर्वेस भाऊसाहेब गंगाधर ढगे यांचे घर आहे. मध्ये छातीइतकी भिंत असून भिंतीपलीकडे त्यांच्या हद्दीत एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ आहे. त्यांच्या न्हाणीघराची खिडकी या बोळीत उघडते. खिडकीला बाहेरून मूठ सहज आत जाईल एवढ्या चौकोनांची लोखंडी जाळी व आतून काचेच्या आडव्या पट्ट्या आहेत. खिडकीखाली गॅसची टाकी असते व तिची नळी भिंतीच्या भोकातून आत गेली आहे. आत गॅस गिझर आहे. मी ज्याला स्फोट म्हणतो तो या गिझरचा.

भाऊसाहेब हे साखर कारखान्याच्या बॉयलर विभागातून निवृत्त झालेले आहेत. त्यांची मुलगी अश्विनी, वय २४, ही पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळंतिणीला पाणी भरपूर व कढत लागते म्हणून दिवाळीत हा गिझर घेण्यात आला. अश्विनीला शेक-मालिश करण्यासाठी व बाळाला न्हाऊ घालण्यासाठी लंकाबाई साळवे, वय अंदाजे ६५, रा. केडगाव, ह्या रोज सकाळी येत. मी हा जबाब देत असताना त्या ठाण्याच्या व्हरांड्यात फरशीवर बसलेल्या आहेत. बाकावर जागा आहे.

अश्विनीचे सासरे आबासाहेब निपुंगे, रा. नेवासा, यांनी आज दुपारी ठाण्यात अर्ज दिला आहे. तो मला वाचून दाखवण्यात आला. लंकाबाईंनी खिडकीत आपली गोधडी कोंबून सुनेचा श्वास कोंडला, असे त्यात पहिल्या परिच्छेदात आहे. दुसऱ्या परिच्छेदात, लंकाबाईंनी ओल्या बाळंतिणीला थंडीत उघड्यावर टाकून वारा लावला व त्यामुळे ती बेशुद्ध पडली, असे आहे. हवा बंद केल्याने की हवा दिल्याने, याचा निर्णय अर्जदाराने ठाण्यावर सोपवलेला दिसतो. मी दोन्ही वेळी हजर होतो. मी सांगेन त्यावर लंकाबाईंना घरी सोडायचे की गुन्हा नोंदवायचा हे ठरेल, असे हवालदार साहेबांनी मला जबाब सुरू होण्यापूर्वी सांगितले आहे. म्हणून मी क्रमाने सांगतो.

गिझरच्या आवाजाचा क्रम असा. नळ सोडला की ठिणगीची खट-खट. मग जरा शांतता. मग ढप्प. मग जाळाची एकसारखी भर्र. सुरुवातीला मधली शांतता डोळ्याचे पाते लवण्याइतकी होती. पुढे ती वाढत गेली. जेवढी शांतता लांब तेवढा ढप्प मोठा, हे मला वस्तऱ्यामुळे समजले. थंडी वाढली तसा खिडकीच्या काचा थरथरण्यापर्यंत मजल गेली.

यावर भाऊसाहेबांनी उपाय केले. रेग्युलेटर बदलला. टाकी विटेवर ठेवली, मग विटेवरून काढली. नळीत हवा धरली असावी म्हणून नळी झटकली. नितीन नावाचा एक मेकॅनिक येऊन गेला, त्यावेळी मी भिंतीपाशी होतो. बर्नरला काजळी धरली आहे, त्यामुळे गॅस लगेच पेट घेत नाही, साठतो आणि एकदम भडकतो, तोच हा आवाज, असे त्याने सांगितले. बर्नर उतरवून साफ करावा लागेल, मुळात हा न्हाणीघरात बसवायलाच नको होता, बाहेर काढा, तोपर्यंत खिडकी उघडी ठेवा, असेही तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर बरे झाले असते. पण लगेच त्याने जुना देऊन नवा घेण्याची योजना सांगायला सुरुवात केली. तेव्हा त्याचे सगळेच बोलणे धंद्याचे आहे, असे भाऊसाहेबांना वाटले. मलाही वाटले. भाऊसाहेब त्याला म्हणाले, “आमच्या बॉयलरचं नुसतं झाकन तुज्या ह्या डब्यापेक्षा मोठं हुतं.” नितीनने ठिणगीचे सेल बदलले व तो निघून गेला.

यानंतर मी एक पत्रिका छापली. ती या प्रकरणात येते, म्हणून सांगतो. छापखान्यात लग्नसराईची पत्रिका उतरत होती, त्याच कागदावर, गणपतीच्या चित्रासह, मजकूर असा : ‘आमचे येथे श्रीकृपेकरून रोज सकाळी तोफेची सलामी देण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब, कानात बोळे घालून, उपस्थित राहावे. आपले नम्र : समस्त ढगे परिवार.’ ती मी माझ्या फाटकाला चिकटवली. कॉलनीत पुष्कळ हसे झाले. दूधवाल्याने ती भाऊसाहेबांच्या दारात उभे राहून मोठ्याने वाचली. भाऊसाहेब त्यावर काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत याचा मला त्यावेळी आनंद झाला होता.

दोन-तीन दिवसांनी ते भिंतीपाशी आले व म्हणाले, “उद्यापास्नं आवाज येनार न्हाई. लॅगिंग करतो.” लॅगिंग म्हणजे काय असे हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, कारखान्यात वाफेच्या नळ्यांना जाड वेष्टण गुंडाळतात, उष्णता व आवाज बाहेर येऊ नये म्हणून, त्याला लॅगिंग म्हणतात. भाऊसाहेबांनी सगळी नोकरी त्यात काढली. बॉयलर आवाज करतो म्हणून कुणी बॉयलर बंद करत नाही, त्याला वेष्टण घालतात, हे त्यांचे शास्त्र होते. त्यांनी खिडकीच्या जाळीवर गोणपाट बांधले. दुसऱ्या दिवशी दाढी करताना मी त्यांना ऐकू जाईल असे म्हणालो की, बारदानातून सलामी जरा जाड येते. एवढे बोलण्याची गरज नव्हती, असे पत्नी जयमाला हिने मला त्याच वेळी सांगितले होते.

आज सकाळी सातच्या सुमारास मी बेसिनपाशी होतो. भाऊसाहेब बोळीत आले. त्यांनी गोणपाट काढून टाकले आणि जाळी व काचेच्या पट्ट्या यांच्यामध्ये एक गोधडी काठीने ठोकून ठोकून बसवली. गोधडी ठिगळांची, कडेला हिरवा काठ असलेली होती. लंकाबाई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आल्या व म्हणाल्या, “भाऊ, ती माजी हाय. पोरीला त्येल लावाया आंथरायची हाय ती.” भाऊसाहेब म्हणाले, “पोरगी न्हाऊन हुईस्तवर राहू दे. तिला वारं बी लागायचं न्हाई.” लंकाबाई आत गेल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले व कानांनी ऐकले आहे. गोधडी लंकाबाईंची होती. ती खिडकीत त्यांनी घातलेली नाही.

लंकाबाईंनी त्याच वेळी विरोध का केला नाही, असे विचारण्यात आले. त्यावर माझे सांगणे असे की, बाळंतिणीला वारा लागू नये असे लंकाबाईंचे म्हणणे होते, अश्विनीची आई सुमनबाई यांचे होते, माझ्या आईचेही होते. हा गुन्हा धरायचा झाल्यास अर्धे केडगाव आत घ्यावे लागेल. ठाण्यात एवढ्या बाकांची सोय दिसत नाही.

त्यानंतर खट-खट झाली. शांतता झाली. मी सवयीने वस्तरा गालापासून दूर धरला. ढप्प झाला तो खोल विहिरीत धोंडा पडावा तसा, दबका. माझ्या जखमांत भर पडली नाही. उपाय लागू पडला, असे मला वाटले, आणि मी दाढी पुढे चालू केली.

आत आधी बाळाला न्हाऊ घातले. बाळ रडत होते, लंकाबाई त्याच्याशी बोलत होत्या. मग त्यांचा आवाज आला, “अश्विने, मी ह्याला गुंडाळून आईकडं देती. तू घे पानी, कढत कढत घे. दार लावून घे, वारं यील.” बाळाचे रडणे घरात दूर गेले. कडी सरकल्याचा आवाज आला. ही कडी आतून लावलेली होती, हे लक्षात घ्यावे. नंतर पाणी पडण्याचा आणि तांब्याचा आवाज येत राहिला.

मी दुसऱ्या गालावर साबण लावत असताना जाळाचा आवाज बदलला. एकसारखी भर्र होती ती फडफडायला लागली, मग मंद झाली. इतके दिवस मी त्या आवाजावर हसे करत होतो, त्यामुळे त्यातला फरक मला लगेच कळला. त्याचा अर्थ कळला नाही. तांब्याचा आवाज केव्हा थांबला ते मला सांगता येणार नाही. तो थांबला आहे हे माझ्या ध्यानात आले ते बादलीमुळे. बादली भरली होती आणि भरून फरशीवर वाहत होती. वाहतच होती.

हवालदार साहेबांनी यात विशेष काय, असे विचारले. ते बहुधा मुबलक पाण्याच्या भागात राहतात. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येते आणि टँकर आला की बायका घागरी मोजतात. भरलेली बादली अशी वाहू देणारे माणूस आमच्या कॉलनीत नाही. अश्विनी तर लहानपणी आमच्या बेसिनचा थेंब थेंब गळणारा नळ भिंतीवरून हात घालून बंद करून जायची.

मी भिंतीवरून हाक मारली. “अश्विनी.” उत्तर आले नाही. पुन्हा मारली. भाऊसाहेब मागच्या दारात आले व म्हणाले, “बाळंतीन न्हातीय, वरडू नका.” मग जरा हसून म्हणाले, “आला का आवाज आज?”

मी म्हणालो, “भाऊसाहेब, बादली वाहतीय.”

ते ऐकत उभे राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत होता, त्याबद्दल मी काही सांगत नाही. ते आत धावले. आतून सुमनबाई दार वाजवत असल्याचे व मुलीला हाका मारत असल्याचे ऐकू आले. भाऊसाहेबांचा आवाज आला, की पोरगी उघडी असेल, मी कसा जाऊ, लंकाबाईला बोलवा. दाराच्या अलीकडे बाप उभा होता आणि तो दार तोडत नव्हता. या गोष्टीबद्दल त्यांना कुणी प्रश्न विचारू नये, अशी माझी विनंती आहे.

मी भिंतीवरून बोळीत उडी मारली. गोधडी ओढली. ती जाळीत अडकली होती. मी सर्व जोर लावला तेव्हा ती मधोमध टर्रकन फाटून अर्धी माझ्या हातात आली, उरलेली दुसऱ्या खेपेला निघाली. जाळीतून वीट घालून मी काचेच्या पट्ट्या फोडल्या. आतून गरम, जड हवा तोंडावर आली. मग खाली वाकून टाकीचा रेग्युलेटर बंद केला. जाळाचा आवाज थांबला. पाणी वाहत होते तेवढे वाहत राहिले.

मी परस्त्रीच्या न्हाणीघरात डोकावून पाहिले, असेही आबासाहेबांच्या अर्जात एक वाक्य आहे. काच फोडताना माणसाचे डोळे मिटतात. उघडल्यावर मी त्यांचा उपयोग रेग्युलेटर शोधण्यासाठी केला. माझ्या तोंडाला त्यावेळी साबण होता. अशा अवस्थेत कुणी वाईट हेतूने घराबाहेर पडत नाही.

त्याच वेळी आत दार मोडल्याचा आवाज झाला. लंकाबाईंनी खांदा मारून कडी उखडली होती. मी बोळीतून वळसा घालून मागच्या अंगणात आलो तेव्हा त्यांनी अश्विनीला आपल्या लुगड्याचा पदर व चादर गुंडाळून, काखेत धरून, ओढत बाहेर आणले होते. अश्विनीची मान पडलेली होती. ती बेशुद्ध होती. म्हणजे अंगणातला वारा लागण्यापूर्वी ती बेशुद्ध होती. हे वाक्य ठळक अक्षरात घ्यावे. ठाण्यात ठळक अक्षराची सोय नसल्यास दोनदा लिहावे.

लंकाबाईंनी तिला अंगणात, तुळशीजवळच्या फरशीवर आडवे केले. थंडी होती, गार वारा सुटला होता. सुमनबाई सवयीने शाल घेऊन धावल्या व तिच्या तोंडावरून कानापर्यंत लपेटू लागल्या. लंकाबाईंनी ती शाल ओढून फेकून दिली. ज्या बाईने जन्मभर बाळंतिणींच्या खोल्यांच्या फटी बुजवल्या ती बाई म्हणाली, “लागू द्या वारा. लई लागू द्या तिला.”

तिने अश्विनीला कुशीवर वळवले, पाठ चोळली, गालावर चापट्या मारल्या. आम्ही तिघे उभे होतो. किती वेळ ते माहीत नाही. अश्विनीने एकदा मोठा, खरखरीत श्वास घेतला. मग उलटी केली. मी माझी गाडी काढली व लंकाबाईंनी तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेईपर्यंत दोन्ही खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. बंद खोलीत गॅस पुरेशा हवेशिवाय जळाला की विषारी वायू होतो, त्याला वास नसतो, आणखी थोडा वेळ गेला असता तर उपयोग झाला नसता, असे त्यांनी सांगितले व पोलिसांना कळवले. दुपारी अश्विनीने डोळे उघडून बाळाला कुणी दूध पाजले, असे विचारल्याचे मला सुमनबाईंनी फोनवर सांगितले. बाळ आधीच बाहेर आलेले असल्याने त्याला काही झालेले नाही. त्याला बाहेर कुणी नेले होते, ते वर आलेलेच आहे.

गोधडी खिडकीत कुणी घातली हे माहीत नाही, असे भाऊसाहेबांनी आपल्या जबाबात सांगितल्याचे मला सांगण्यात आले. लंकाबाईंना विचारले असता त्यांनीही नाव घेतलेले नाही. ठाण्यात आल्यावर मी त्यांना व्हरांड्यात विचारले, की मावशी, सांगत का नाही. त्या म्हणाल्या, “पोरगी तकडं दवाखान्यात. तिच्या बापाचं नाव मी कसं घ्यू दादा?” म्हणून ते नाव मी घेतले आहे. भाऊसाहेबांनी ती गोधडी मुलीला इजा व्हावी म्हणून घातली नाही. माझ्या कानाला त्रास होऊ नये व माझे तोंड बंद व्हावे म्हणून घातली. पत्रिकेची एक प्रत मी सोबत जोडली आहे. छापणाऱ्याचे नाव खाली आहेच.

आत येण्यापूर्वी भाऊसाहेब मला ठाण्याच्या फाटकाशी भेटले. मी काय सांगणार आहे, असे त्यांनी विचारले नाही. ते म्हणाले, “राधाकिसन, कारखान्याला चिमनी हुती रे.” त्यांच्या हातात चहाचा कप होता, तो सांडत होता, तो मी धरला.

त्या खिडकीला नवीन काच बसवू नये आणि गिझर आत ठेवू नये, असे मी त्यांना नंतर सांगणार आहे. आज सांगितले नाही.

महिलेला सूर्यास्तानंतर ठाण्यात बसवून ठेवता येत नाही, असे मी वाचलेले आहे. हवालदार साहेबांनी खिडकीबाहेर पाहून सूर्य अजून आहे, असे सांगितले. तो खाली चालला आहे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. पत्रिकेबाबतचा भाग गाळायचा का, असे त्यांनी विचारले. ठेवावा, असे मी म्हणालो. सही करण्यापूर्वी मी एक गोष्ट वाढवण्यास सांगितली, ती अशी :

पंचनाम्यात जप्त झालेली गोधडी लंकाबाईंची रोजच्या कामाची असून, ती माझ्या हातून फाटली आहे. त्यांच्याकडे दुसरी नाही. मी येताना घरून एक गोधडी आणली. ती माझ्या आईने शिवलेली आहे. ती मी आत येण्यापूर्वी व्हरांड्यात, फरशीवर, त्यांच्या शेजारी घडी करून ठेवली. त्यांनी ती कुणाची म्हणून विचारले नाही, मी सांगितले नाही. थोड्या वेळाने त्या तिच्यावर बसल्या, हे मी इथून पाहिले. सदर गोधडी मुद्देमाल नाही. तिला सील लावू नये.

(सही)
रा. मु. शेकटकर